आता वजन उचलायचं नाही

माझी गर्भपिशवी काढली तेव्हा नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सांगितलं होतं, "आता वजन उचलायचं नाही बरं का." मी अर्धवट गुंगीत होते आणि कधी एकदा घरच्या बिछान्यावर पडते असं मला झालं होतं. नवऱ्यानं मात्र ते वाक्य कान देऊन ऐकलं. गोळ्या कुठल्या, टाके कधी काढायचे, हे सगळं मला नंतर पुन्हा फोन करून विचारावं लागलं. त्यांच्या लक्षात एवढं एकच राहिलं होतं.

मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे मला या वाक्यातली गोम नंतर फार जाचली. 'आता जेवू नको' म्हटलं तर थोड्या वेळानं जेवायचं असतं. 'आता तो तंबाखू खात नाही' म्हटलं तर त्यानं ती कायमची सोडलेली असते. 'आता' एकच, पण एक चार घटकांचा आणि दुसरा जन्माचा. डॉक्टरीणबाई पहिला बोलल्या, माझ्या नवऱ्यानं दुसरा ऐकला, आणि पुढे दहा-अकरा वर्षं मी घरात पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही.

नवरा सावनेरकडच्या कोळसा खाणीत सुपरवायझर होता. आमच्या महाल भागातून रोज बसनं जाणं-येणं. खाणीत एकदा दिलेली सूचना ती रद्द करणारी दुसरी सूचना येईपर्यंत चालते, असं ते सांगत. अमुक बोगद्यात जायचं नाही म्हटलं की नाही. का, आणि कधीपर्यंत, हे कामगारानं विचारायचं नसतं. माझं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ ते निवृत्त झाले. हाताखाली माणसं उरली नव्हती, एक बायको तेवढी होती. त्यांनी मला बंद बोगद्यासारखी पाटी लावून टाकली.

चक्कीवरून दळण तेच आणायचे. सिलिंडर तेच सरकवायचे. मार्चमध्ये कूलर माळ्यावरून काढणं, गवताच्या जाळ्या बदलणं आणि मग चार महिने दोन्ही वेळा बादल्यांनी त्यात पाणी भरणं, हे नागपुरात घरोघरी चालणारं काम आमच्याकडे त्यांचंच. मी बाजारात भाजीची पिशवी हातात धरली की मागून आवाज यायचा, "अवं, ठेव ते. तुले उचलायचं नाही न!" भाजीवालीला माझं ऑपरेशन ठाऊक होतं. खालच्या दुकानदाराला ठाऊक होतं. लग्नकार्यात कोणी पाट उचलायला सांगितलं तर हे मंडपाच्या त्या टोकावरून ओरडायचे. माझ्या पोटातली पिशवी गेल्याची बातमी सगळ्या महालात इतक्या आदरानं फिरली की मला शेवटी तिची लाज वाटेनाशी झाली.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. माझ्या मैत्रिणींचे नवरे पेपर वाचत बसायचे आणि त्या बिचाऱ्या पिशव्या घेऊन जिने चढायच्या. मी मोकळ्या हातानं, पर्स झुलवत. सकाळी आम्ही बायका बागेत फिरायला जायचो, पाच-सहा फेऱ्या मारायचो, शेवटी हात वर करून मोठ्यानं हसायचो. तब्येतीसाठी माणसानं याहून जास्त काय करावं, असं आमचं सर्वांचं मत होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेनासं झालं, ते कंपनीनं घट्ट केलं असेल. हळदीकुंकवाला सतरंजीवरून उठताना दोन्ही बाजूंनी हात लागायला लागले, ते वय झालं म्हणून. हात देणाऱ्या मुली इतक्या प्रेमानं द्यायच्या की तो न घेणं उद्धटपणाचं वाटलं असतं.

मग मागच्या मे महिन्यात नवरा पडला.

दुपारची वेळ. ते आंघोळीहून आले, ओला पाय फरशीवर घसरला, आणि पलंगाच्या बाजूला धप्पकन बसले. आधी आम्ही दोघंही हसलो. मग ते उठायला गेले तर उठता येईना. त्यांचे गुडघे आधीपासून कुरकुरत होतेच, पण इतकं काही वाटलं नव्हतं. मी वाकून त्यांच्या काखेत हात घातले. त्यांनी माझे हात झटकले.

"हात लावू नको. तुले वजन उचलायचं नाही."

"अहो, पण मग उठणार कसे?"

"उठतो मी. तू हो बाजूले."

ते उठले नाहीत. मी त्यांचं न ऐकता दुसऱ्यांदा हात घातले आणि जोर लावला. ते वीतभर वर आले आणि माझ्या हातातून निसटून पुन्हा खाली बसले. या वेळी त्यांना लागलं. मी गॅलरीत जाऊन हाका मारल्या. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गल्लीत कुत्रंही नसतं. दारं-खिडक्या बंद आणि प्रत्येक घरातून कूलरची घरघर. त्या आवाजात माझी हाक कोणाला ऐकू जाणार! वरचे शेजारी लग्नाला गेलेले. खालचं दुकान पाचला उघडायचं. पुतण्याला फोन केला, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणाला निघतो. रुग्णवाहिका बोलवू का म्हटलं तर हे म्हणाले, "तमाशा नको करू." मी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, पाणी पाजलं आणि शेजारी पलंगाच्या कडेवर बसून राहिले.

त्या दुपारबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच की मला माझ्या हातांची चीड आली. मांडीवर ठेवलेले माझे दोन्ही हात मी पाहत होते. चांगले गोरेपान, बांगड्या घातलेले, नेलपॉलिश लावलेले. त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. नवरा फरशीवर पडून माझ्याकडे पाहत होता आणि मध्ये मध्ये मला दटावत होता, "पुन्हा उचलू नको हं."

पुतण्या आणि खालचा दुकानदार यांनी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार होता. पण पुण्याहून मुलगा आला. तो शांत मुलगा आहे, आवाज चढवत नाही. चार दिवस राहिला, सगळं पाहिलं, आणि जाताना म्हणाला, "आई, बाबा पुन्हा पडले तर तू काय करशील? दिवाळीपर्यंत तुम्ही दोघं तिकडे या. हा फ्लॅट काढून टाकू." त्याचं चूक होतं असं मला म्हणता येईना. 

मला पुण्याला जायचं नव्हतं. मुलाचं घर अकराव्या मजल्यावर आहे. तिथे तो आणि सून दोघंही सकाळी जातात आणि रात्री येतात. यांना सकाळी खाली उतरून गल्लीच्या तोंडाशी तर्री पोहे खायचे आणि तिथल्या चार टाळक्यांशी राजकारण बोलायचं, एवढंच सुख उरलं आहे. पण ते स्वतःच म्हणायला लागले, "जाऊ आपण. तुले माह्यामुळे त्रास नको." पडल्यापासून त्यांनी पलंग जवळजवळ सोडलाच नव्हता. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे. बसून बसून पाय आणखी बारीक होत चालले होते. पायजम्यातून ते मला दिसायचं आणि मी नजर दुसरीकडे वळवायची.

जूनमध्ये मी एकटीच धंतोलीला गेले. त्याच डॉक्टरीणबाई, केस आता पांढरे. मी विचारलं, मला वजन उचलायची परवानगी मिळेल का? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मी त्यांना त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"म्हणजे तुम्ही तेव्हापासून उचललंच नाही?" त्या हसल्या. मग माझा चेहरा पाहून थांबल्या. "अहो, ते टाके भरेपर्यंत असतं. दीड-दोन महिने. मी सगळ्यांनाच सांगते."

त्यांनी मला तपासलं. आत सगळं ठीक होतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. मी उठू शकले नाही. दुसऱ्यांदा झोका घेऊन उठले. त्यांनी मला त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला तर उचलायलाच हवं आता." हा 'आता' कुठल्या जातीचा, हे मी या खेपेला नीट विचारून घेतलं. "जन्मभराचा," त्या म्हणाल्या.

व्यायामाच्या बाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या, पण माझ्यापेक्षा कडक मास्तरीण. मी म्हटलं, मी रोज फिरते. त्या म्हणाल्या, छान आहे, चालू ठेवा. पण फिरून दम टिकतो, माणूस उचलायची ताकद त्यातून येत नाही. म्हातारपणी स्नायू आपोआप झिजतात, त्यांना ओझं दिलं नाही तर आणखी लवकर झिजतात, हाडंही त्यांच्या मागोमाग जातात. ओझं दिलं तर सत्तरीतही भरतात. तेही तेवढंच ओझं देऊन चालत नाही, अंगवळणी पडलं की थोडं वाढवायचं. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. दोन्ही जेवणांत डाळ, दही, चालत असेल तर अंडं. त्यांनी मला जमिनीवरून वस्तू कशी उचलायची ते शिकवलं: कंबर मागे, पाठ सरळ, वस्तू पोटाशी, जोर मांड्यांचा. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट पाठीतून वाकून उचलली होती. उचलत होते तेव्हा.

मी लोखंडी डंबेल्सची जोडी घेऊन घरी आले. नवऱ्याला डॉक्टरांचं सांगितलं. 

"आता बदलून बोलून राहिली ती," ते म्हणाले.

"बदलून नाही. तुम्ही चुकीचं ऐकलं."

"मी बरोबर ऐकलं."

मी पदर खोचला आणि डंबेल उचलले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हे बरेच दिवस चाललं. मी व्यायामाला उभी राहिले की ते कूस बदलायचे. सोसायटीत बातमी गेलीच. "काकू, पहिलवान होऊन राहिल्या काय?" जिन्यात विचारणा व्हायची. त्याचं मला काही वाटलं नाही. शाळेतल्या मुलींनी याहून वाईट नावं ठेवलेली आहेत. पण घरातल्या त्या पाठीचा मला राग यायचा. ज्या माणसाला फरशीवरून उचलता यावं म्हणून मी या वयात घाम गाळत होते, तो माझं तोंड बघायला तयार नव्हता. एकदा मी डंबेल खाली ठेवले आणि स्पष्टच विचारलं, "तुम्हाला मी दुबळीच हवी आहे का?"

ते भिंतीकडे पाहूनच बोलले.

"माह्या मायचं अंग बाहेर आलं होतं, पिशवीच खाली उतरली होती. ठाऊक आहे तुले?"

मला ठाऊक नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

"लहान्याच्या येळी. बाळंत झाली आन् सव्वा महिनाही नाही झाला, कापसाचे बोचके डोक्यावर घेऊन चालली. कोणी नाही म्हटलं नाही तिले. मंग तसंच राहिलं ते. मरेपर्यंत. बसता येत नव्हतं तिले धड. कोणाले सांगेही नाही, आम्हाले तर नाहीच. मी तिचे धुवायचे कपडे पाहून समजलो." त्यांनी भिंतीवरचा पोपडा नखानं काढला. "त्या डॉक्टरनं म्हटलं न, उचलायचं नाही, तवा मले बरं वाटलं. म्हटलं, हिले तरी कोणी सांगणारं आहे."

मी पलंगावर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला त्यांच्यावर रागावता येईना आणि सासूबाईंसाठी, ज्यांचा मी फक्त एक फोटो पाहिला आहे, त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. मी सांगितलं की सासूबाईंचं वेगळं होतं, त्या ओल्या बाळंतीण होत्या, माझे टाके भरून दहा वर्षं झाली. ते म्हणाले, "हो न." ते 'हो न' पटल्याचं नव्हतं, बोलणं संपवायचं होतं. पण त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड करणं सोडलं.

आता ते पाहायला लागले आणि पाहायला लागले म्हटल्यावर सुपरवायझर जागा झाला. व्यायामाच्या बाईंनी मोबाइलवर पाठवलेले व्हिडिओ त्यांनी माझ्यापेक्षा जास्त लक्षपूर्वक पाहिले. "पाठ वाकली तुही." "श्वास काहून रोखून राहिली?" "ते बाई कशी करते पाह्य, अन् तू कशी करते." मी वैतागून म्हटलं, एवढं कळतं तर स्वतः करून दाखवा. ते कसे करणार! पण पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि उठून उभे राहिले. मांडीवर हात ठेवून, कण्हत, पण उभे राहिले. मग पुन्हा बसले. "हे असं," म्हणाले.

तिथून ते माझ्याबरोबर करायला लागले. कबूल मात्र कधी केलं नाही. मला दाखवायला म्हणून करायचे. बसणं-उठणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, रबरी पट्टा पायाला बांधून ओढणं. आधी उशा रचून उंच केलेल्या बैठकीवरून, मग एकेक उशी काढत. गणपती उठेपर्यंत ते बाथरूमला एकटे जायला लागले होते आणि पाणीही नीट प्यायचे. मी सकाळी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायची. ते दारात उभे राहून पाहायचे. मी बादली उचलली की त्यांचा उजवा हात थोडा पुढे यायचा.

मुलगा रविवारी फोन करायचा. दिवाळीचं विचारायचा. हे म्हणायचे, पाहू. मी म्हणायची, पाहू.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ते पुन्हा पडले.

या वेळी कारण काही नव्हतं. चप्पल शोधायला वाकले, गुडघा दुमडला, आणि पलंग व भिंतीच्या मधल्या फटीत आडवे झाले. मी स्वयंपाकघरात चकल्या करत होते. आवाज ऐकून आले. ते छताकडे पाहत होते.  मला वाटलं, संपलं, आता पुण्याला जायचं.

कुठे दुखतंय का, विचारलं. पाय हलवून पाहायला सांगितलं. हलत होते. मग मी पलंग ओढून बाजूला केला. तो सागवानी पलंग मी एकटीनं ओढला, हे माझ्या नंतर लक्षात आलं. खुर्ची आणून त्यांच्या डोक्याशी ठेवली. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं तसं सांगत गेले. कुशीवर व्हा. कोपरावर या. आता ओणवे व्हा. गुडघ्याखाली मी उशी सरकवली. हात खुर्चीवर ठेवा. चांगला पाय पुढे घ्या. त्यांच्या कमरेभोवती मी पलंगावरची चादर बांधली, ती दोन्ही मुठींत धरली, कंबर मागे घेतली, पाठ सरळ केली.

"लावा जोर," मी म्हटलं.

त्यांनी लावला आणि मीही लावला. त्यांचं सगळं वजन एक क्षण माझ्या हातांत आलं. ते मला जाणवलं, पायांच्या तळव्यांपर्यंत, आणि मी ते सोडलं नाही. ते वर आले. खुर्चीवर वळून बसले.

आम्ही दोघंही धापा टाकत होतो. कढईतली चकली करपल्याचा वास यायला लागला. मी गॅस बंद करायला निघाले तर त्यांनी माझा पदर धरून मला थांबवलं. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. त्यांनी आपला हात माझ्या पोटावर, बेंबीच्या खाली ठेवला. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी त्या जागेला एकदाही हात लावला नव्हता.

"काही झालं काय वं तुले?"

"नाही."

"खरं सांग."

"काही नाही झालं."

त्यांनी हात तसाच ठेवला, डोकं खाली घातलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले.